टनांच्या रकान्यात न मावणारा चारा

चारापिकांविषयीच्या बहुतेक माहितीपत्रकांत शेवटी एक तक्ता असतो. डावीकडे वाणाचे नाव, मग पेरणीची वेळ, कापण्यांची संख्या आणि अगदी उजवीकडे हिरव्या चाऱ्याचे हेक्टरी उत्पादन, टनांमध्ये. वाचणाऱ्याची नजर आधी त्या उजव्या रकान्यावर जाते आणि बहुधा तिथेच थांबते. असाच तक्ता थोड्या फरकाने शोधनिबंधांतही भेटतो. गावोगावचे पारंपरिक वाण आणि रानातून गोळा केलेले समूह एका शेतात शेजारी शेजारी लावायचे, दोन हंगाम कापायचे, वजने घ्यायची, उंची, फांद्या, पानांचा आकार अशा दहाबारा गुणधर्मांची सरासरी काढायची आणि शेवटी जो वर आला त्याची शिफारस करायची. विज्ञान प्रदर्शनासाठी 'गावरान आणि सुधारित' अशी तुलना मांडणारे विद्यार्थीही हाच साचा उचलतात. प्रस्तुत लेखात आम्ही या साच्याचे परीक्षण करणार आहोत. आमचा आक्षेप मोजमापाला नाही. जे मोजले त्यावरून जे म्हटले जाते, त्याला आहे.

उदाहरणासाठी अमडापूर घेऊ. बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातले, चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. भोवतालची शेती मुख्यतः पावसाच्या भरवशावरची: सोयाबीन, कापूस, तूर आणि रब्बीत हरभरा. जनावरांचे पोट भरते ते कुटारावर, कडब्यावर, धुऱ्यावरच्या गवतावर आणि उरल्यासुरल्या ई-क्लास जमिनीवर. ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो विहिरीजवळ लसूणघासाचा तुकडा राखतो. पाणी अधिक असले तर थंडीत बरसीम पेरतो. चाऱ्याच्या तक्त्याचा कस अशा गावात लागतो. बारमाही पाण्याच्या गावात तक्त्यातल्या चुका पाण्याबरोबर वाहून जातात.

'क्लोव्हर' हा शब्द आपल्याकडे परका वाटतो, पण वनस्पती तितकी परकी नाही. बरसीम हे इजिप्तमधले क्लोव्हरच. ते भारतात १९०४ च्या सुमारास सिंधमध्ये प्रथम आले. लसूणघास, आपली भाजीची मेथी आणि ओलिताच्या गव्हात तण म्हणून उगवणारी, बारीक पिवळ्या फुलांची रानमेथी ही सगळी क्लोव्हरच्याच कुळशाखेतली भावंडे. पान तीन दलांचे, मुळांवर गाठी, त्या गाठींत हवेतला नत्र बांधणारे जिवाणू. तेव्हा क्लोव्हरच्या पारंपरिक आणि रानटी समूहांबद्दल जगात जे कळले आहे ते अमडापूरच्या वर्गात सांगायला हरकत नाही. नमुना म्हणून मेथीची जुडी पुरते.

आता त्या उजव्या रकान्याकडे वळू. 'हिरवा चारा' म्हणजे चारा अधिक पाणी. बरसीमच्या सुरुवातीच्या कोवळ्या कापणीत शंभर किलोमागे सुका भाग जेमतेम १२ ते १५ किलो असतो. लसूणघासात तो साधारण २० किलोपर्यंत जातो. समजा, एका वाणाने हेक्टरी ७० टन हिरवा चारा दिला आणि त्यात सुका भाग १३ टक्के आहे. म्हणजे जनावराला प्रत्यक्ष मिळाला ९.१ टन. दुसऱ्याने ५० टनच दिला, पण सुका भाग २० टक्के. म्हणजे १० टन. तक्त्यात पहिला वीस टनांनी पुढे आहे, गव्हाणीत तो मागे आहे. आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले असले तरी भेद खरा आहे. गुणसूत्रांची संख्या दुप्पट करून तयार केलेल्या क्लोव्हरच्या वाणांची पाने मोठी आणि रसरशीत दिसतात, त्या रसरशीतपणाचा बराच वाटा पाण्याचा असतो. विहिरीतून उपसलेले पाणी चाऱ्यात भरून पुन्हा जनावराला पाजण्यात फारसा अर्थ नाही. ते हौदात पाजणे स्वस्त पडते. तरीही हिरव्या वजनाचा रकाना टिकून आहे, कारण ते वजन बांधावरच्या तराजूवर करता येते. सुके वजन करायचे तर भट्टी लागते आणि दोन दिवस थांबावे लागते.

दुसरा प्रश्न : मोजले केव्हा? इजिप्तमधल्या शेतकऱ्यांनी शतकानुशतके जपलेल्या बरसीमचे काही ठळक प्रकार आहेत. फाहल नावाचा प्रकार एकदाच कापता येतो, कारण त्याला बुंध्यापासून नव्याने फुटवे जवळजवळ येत नाहीत. विळा फिरला की खेळ संपला. सईदी दोन-तीन कापण्या देतो. मेस्कावी मात्र बुंध्यातून पुन्हा पुन्हा फुटतो आणि चार-पाच कापण्या देतो. आपल्याकडे पसरला तो मुख्यतः हाच. आता एखाद्याने पहिल्या कापणीनंतर तुलना थांबवली तर फाहल पुढे दिसू शकतो आणि सगळ्या हंगामाची बेरीज केली तर मेस्कावीच जिंकतो. यात खोटे कोणीच बोलत नाही. ज्या शेतकऱ्याला दोन महिन्यांत शेत मोकळे करून दुसरे पीक घ्यायचे आहे त्याच्यासाठी फाहल, आणि ज्याच्या गोठ्यात मार्चपर्यंत रोज एक भारा लागतो त्याच्यासाठी मेस्कावी. हे भेद कोणत्याही संशोधन केंद्राने घडवलेले नाहीत. ज्याने त्याने आपल्या पीकपद्धतीला सोयीचे बी राखले आणि त्यातून ते घडले. अशा प्रकारांना एका रकान्यात उतरत्या क्रमाने लावणे म्हणजे बैल, शेळी आणि कोंबडी यांना वजनाच्या क्रमाने उभे करण्यासारखे आहे.

तिसरा मुद्दा बहुतेक तुलनांत नजरेआड होतो, आणि अमडापूरसारख्या ठिकाणी तो निर्णायक ठरू शकतो. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू सगळ्या शेंगवर्गीय पिकांना चालणारे नसतात. मेथी, लसूणघास आणि रानमेथी यांचे जिवाणू साधारणपणे एकाच गटातले असतात. बरसीमचे जिवाणू वेगळे. ज्या मातीत पिढ्यान्पिढ्या मेथी पेरली गेली तिथे लसूणघासाला आपला सोबती आयता मिळतो. जिथे बरसीम कधीच पेरले गेले नाही तिथे त्याला तो मिळत नाही. म्हणूनच पहिल्यांदा बरसीम पेरताना बियाण्याला जिवाणूसंवर्धक चोळावे किंवा जुन्या बरसीमच्या शेतातली माती आणून मिसळावी, असे सांगतात. ही काळजी न घेता दोन्ही पिके शेजारी लावली आणि बरसीम पिवळे पडले, तर तो बरसीमचा दोष कसा? प्रयोगात पिकांची तुलना झालीच नाही. मातीतल्या जिवाणूंची झाली. रानटी समूहांचे असेच होते. ते ज्या टेकडीवरून आणले तिथले जिवाणू तिथेच राहतात, आणि प्रयोगक्षेत्रातल्या परक्या मातीत त्यांची वाढ खुंटली की आपण 'रानटी वाण कमी उत्पादक' असे लिहून मोकळे होतो.

बियाण्याच्या बाबतीतही असेच. सुधारित वाणाचे बी खतपाणी दिलेल्या बीजोत्पादन क्षेत्रातून येते; ते टपोरे असते. रानातून वेचलेले बी उपाशी आईचे असते, बारीक असते. मोठ्या बियांची रोपे पहिल्या कापणीपर्यंत पुढे धावतात, आणि त्यात आनुवंशिक गुणांचा वाटा किती व आईने दिलेल्या शिदोरीचा किती, हे वेगळे काढता येत नाही. सर्व समूह आधी एक पिढी एकाच शेतात वाढवावेत, त्यांचे बी धरावे आणि मग तुलना करावी. यात एक वर्ष जाते. पदवीच्या मुदतीत ते वर्ष बसत नाही, ही अडचण आम्हांला ठाऊक आहे. पण निसर्ग आपल्या मुदतीला बांधलेला नाही.

आता सरासरीकडे येऊ, कारण शिक्षकांना वर्गात सर्वांत उपयोगी पडेल अशी गोष्ट इथेच आहे. क्लोव्हरच्या अनेक जाती आणि लसूणघास यांत परपरागीभवन होते. मधमाश्या एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेतात. तांबड्या आणि पांढऱ्या क्लोव्हरला तर स्वतःचा पराग सहसा चालतच नाही. परिणामी एकाच पोत्यातल्या बियांतून उगवलेली दोन झाडे सख्खी भावंडे असली तरी एकसारखी नसतात. तांबड्या क्लोव्हरवर झालेल्या आनुवंशिक अभ्यासांत पुन्हा पुन्हा असे दिसले आहे की एकूण विविधतेचा मोठा भाग समूहासमूहांमध्ये नसून प्रत्येक समूहाच्या आतच असतो. मग 'अमुक गावचा समूह सरासरी ४० ग्रॅम, तमुक सुधारित वाण ४५ ग्रॅम' या वाक्यातून काय निष्पन्न होते? समजा, पहिल्यातली झाडे १० ग्रॅमपासून ९० ग्रॅमपर्यंत पसरली आहेत आणि दुसऱ्यातली ३८ ते ५२ च्या आत आहेत. आज कापून विकायचे तर दुसरा बरा. पण पुढच्या दहा वर्षांत निवड करून नवा वाण घडवायचा असेल तर सामग्री पहिल्यात आहे, आणि 'सरासरी कमी' म्हणून आपण नेमका तोच बाद केलेला असतो. परीक्षेच्या निकालाचा अनुभव असलेल्या शिक्षकांना हे अधिक सांगायला नको. वर्गाची सरासरी ४० असली म्हणजे वर्गात ९० वाला नाही असे होत नाही.

शोधनिबंधांत या सरासऱ्यांच्या पाठोपाठ परस्परसंबंधांचा तक्ता येतो आणि त्यात हमखास एक वाक्य असते : पानांचे वजन आणि चाऱ्याचे एकूण वजन यांत घनिष्ठ संबंध आढळला. पाने हा एकूण वजनाचाच भाग असताना दुसरे काय आढळणार होते? भाग वाढला की पूर्ण वाढते, याला शोध म्हणवत नाही. त्याहून गंभीर चूक अंतराची. झाडे मोजायला सोपी पडावीत म्हणून ती हात-दीड हात अंतरावर एकेकटी लावतात. शेतकरी मात्र दाट पेरतो. मोकळ्यावर ऐसपैस पसरणारे झाड दाटीत शेजाऱ्याच्या सावलीत दबते, आणि एकटे असताना किरकोळ दिसणारे सरळ वाढीचे झाड गर्दीत टिकते. सुट्या झाडाचे उत्पादन आणि दाट पेरलेल्या शेताचे उत्पादन यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही, हे चारापिकांच्या पैदासकारांना फार पूर्वीपासून माहीत आहे. माहीत असूनही शिफारस सुट्या झाडांवरूनच होते, हे आम्हांला खटकते.

टिकाऊपणाचा रकाना तर बहुधा नसतोच. इंग्लंडच्या उत्तरेकडील कॉकल पार्क येथील शेतीकेंद्रात विल्यम सॉमरव्हिल यांनी १८९६ च्या सुमारास निकस कुरणावर स्फुरदयुक्त खताचे प्रयोग सुरू केले. खत मिळताच तिथले रानटी पांढरे क्लोव्हर जोमाने पसरले आणि कुरणाचा कायापालट झाला. पुढे त्यांच्यानंतर आलेल्या गिलख्रिस्ट यांनी रानटी पांढऱ्या क्लोव्हरचे बी मुद्दाम पेरणीच्या मिश्रणात घातले. बाजारात मिळणाऱ्या हॉलंडच्या पांढऱ्या क्लोव्हरची झाडे उंच आणि पहिल्या वर्षी देखणी, पण दोन-तीन वर्षांत ती नाहीशी होत. रानटी क्लोव्हर बुटके, जमिनीला चिकटून धावणारे, जनावरांच्या दातांखाली आणि खुरांखाली तगणारे. केंटमधल्या जुन्या कुरणांतून गोळा केलेले असे बी पुढे चांगल्या भावाने विकले जाऊ लागले. एका हंगामाच्या तक्त्यात हे रानटी क्लोव्हर नक्कीच तळाला गेले असते.

आणि काही गुण असे, की ते तक्त्यात नसले तर कळपच धोक्यात येतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात एमॉस हॉवर्ड यांना १८८९ मध्ये भूमध्य समुद्राकडून नकळत आलेले एक क्लोव्हर रानात वाढताना दिसले. बी जमिनीत खोचून ठेवणारे हे भुईक्लोव्हर. हॉवर्ड यांनी त्याचा नेटाने प्रचार केला आणि निकस जमिनीवर लाखो एकर कुरणे उभी राहिली. पश्चिम ऑस्ट्रेलियात त्याचा ड्वालगनप हा लवकर फुलणारा प्रकार कमी पावसात भरपूर वाढतो म्हणून सर्वत्र पेरला गेला. मग १९४० नंतर मेंढ्या गाभण राहीनात, कोकरे अडू लागली, अंग बाहेर येऊ लागले. बेनेट्स, अंडरवुड आणि शियर यांनी १९४६ मध्ये या विकाराचा संबंध क्लोव्हरशी जोडून दाखवला. पानांतल्या फॉर्मोनोनेटिन या द्रव्याचे मेंढीच्या पोटात स्त्री-संप्रेरकासारखे काम करणारे द्रव्य बनत होते. त्याचे प्रमाण भुईक्लोव्हरच्या सर्व प्रकारांत सारखे नव्हते. ड्वालगनपमध्ये ते जास्त होते. म्हणजे समूहासमूहांतला जो फरक जीवनमरणाचा होता, तो कोणी मोजलाच नव्हता. टन मात्र मोजले होते. पुढे हे द्रव्य कमी असणारे वाण निवडावे लागले.

याहून सौम्य, पण शिकवायला सुंदर असे उदाहरण पांढऱ्या क्लोव्हरचे आहे. त्याच्या काही झाडांची पाने चुरडली की प्रुसिक आम्ल सुटते, काहींतून सुटत नाही. आपल्याकडे कोवळी, पाण्याने ताणलेली ज्वारी खाऊन जनावराला किराळ लागते ती याच विषाने. हा गुण दोन जनुकांवर ठरतो. दोन्ही असले तरच विष तयार होते. डॅडे यांनी १९५४ मध्ये युरोपभरचे समूह तपासले, तेव्हा भूमध्य समुद्राकाठी जवळपास सर्व झाडे विषारी आणि ईशान्येच्या थंड प्रदेशात जवळपास एकही नाही, असा उतार दिसला. जानेवारीचे सरासरी तापमान जितके कमी तितकी विषारी झाडे कमी. गोगलगायींपासून संरक्षण, थंडीचा तडाखा, कोरडेपणा अशी कारणे पुढे आली आणि त्यांवरची चर्चा चालू राहिली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत तर १६० शहरांत आणि त्यांभोवतालच्या ग्रामीण भागांत याच गुणासाठी १ लाख १० हजारांहून अधिक झाडे तपासली गेली, आणि कित्येक शहरांत हे प्रमाण गावाकडून शहराकडे येताना बदलत गेलेले दिसले. एकाच जातीचे, एकसारखे दिसणारे रोप, आणि आत इतका फरक. 'पांढरे क्लोव्हर विषारी आहे काय?' या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तरच नाही. कुठले, एवढेच विचारता येते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करणे जरूर आहे. गावरान ते सारे चांगले आणि सुधारित ते सारे नकली, अशी एक भाबडी भूमिका अलीकडे ऐकू येते. तिच्याशी आमचे जमत नाही. रानटी समूहांच्या शेंगा पिकताच फुटतात, बियांचे कवच इतके कठीण असते की पेरलेल्यापैकी निम्मे बी त्या वर्षी उगवतच नाही, पहिली वाढ सावकाश होते. कठीण कवच दुष्काळात वंश टिकवायला उत्तम; पण ज्याला पंधरा दिवसांत शेत हिरवे हवे त्याच्या ते काय कामाचे? स्टायलोचे बी पेरण्याआधी गरम पाण्यातून काढतात ते यासाठीच. चिखलीत दूध घालणाऱ्या, पक्के ओलीत असलेल्या शेतकऱ्याने राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा आर. एल. ८८ हा लसूणघास लावावा, यात आम्हांला काही गैर दिसत नाही. आणंद २ हा नावाजलेला वाण तर कच्छच्या स्थानिक बहुवर्षायू लसूणघासातूनच निवडलेला आहे. सुधारित वाण काही आकाशातून पडत नाही. कोणीतरी कुठेतरी जुने बी राखून ठेवलेले असते, म्हणून त्यातून निवड करता येते.

म्हणूनच तक्त्याखाली लिहिलेले 'कमी उत्पादक' हे दोन शब्द महाग पडतात. उन्हाळ्याच्या तोंडावर लसूणघासाची शेवटची कापणी न घेता ती बियाण्याला सोडायची, म्हणजे टंचाईत तेवढा चारा गमवायचा. आपले बी टाकाऊ आहे असे छापून आल्यावर हा तोटा कोण सोसेल? आणि पिशवीतले नवे बी शेजारच्या वावरात आले की मधमाश्या दोन्हींचा पराग मिसळतात. वेगळे राखले नाही तर जुना समूह चार-सहा वर्षांत स्वतःचा राहत नाही. अमडापूरपासून फार दूर नसलेल्या अकोल्यात राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचे प्रादेशिक केंद्र आहे. तिथल्या शीतगृहात बी जपता येते. पण आधी ते कोणीतरी वेचून, कुठल्या गावचे, कुठल्या मातीतले, किती वर्षे राखलेले, हे लिहून पाठवावे लागते.

शाळेला करता येण्यासारखे काम यातून निघते. घरच्या मेथीचे बी आणि दुकानातल्या पाकिटातले बी यांची प्रत्येकी तीस झाडे दाट ओळीत वाढवावीत. सरासरी काढण्याआधी प्रत्येक झाडाच्या उंचीचा एकेक ठिपका आलेखकागदावर मांडावा आणि दोन्हींचा पसारा डोळ्यांनी पाहावा. मग जमिनीपासून चार बोटे ठेवून सगळी झाडे कापावीत, आणि पुन्हा कोण फुटते, किती दिवसांत, याची नोंद ठेवावी. कापलेला पाला हिरवा तोलावा, सावलीत खडखडीत वाळवून पुन्हा तोलावा. शेवटी काही झाडे मातीसकट हळूच उपटून मुळांवरच्या गाठी मोजाव्यात आणि नखाने फोडून पाहाव्यात : आतून गुलाबी असली तर गाठ काम करते आहे, पांढरी किंवा हिरवट असली तर नाही. गव्हातली रानमेथी निंदताना तिच्याही गाठी पाहायला विसरू नये.